लंडनची पाणपोई आणि वाळूवरचा थर

लंडनच्या सेंट सेपल्कर चर्चच्या कुंपणात २१ एप्रिल १८५९ रोजी एक पाणपोई सुरू झाली. दगडी कोनाडा, त्यात पाण्याची धार आणि साखळीला बांधलेले दोन पेले. खासदार सॅम्युअल गर्नी आणि बॅरिस्टर एडवर्ड वेकफिल्ड यांनी त्याच वर्षी काढलेल्या संस्थेची ही पहिली पाणपोई. पाणी गाळलेलं आणि शुद्धच हवं, हा संस्थेचा नियम होता. पुढे शहरभर अशा शेकडो पाणपोया झाल्या. रीजंट्स पार्कातली १८६९ ची देखणी पाणपोई तर मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून उभी राहिली.

शुद्धतेचा एवढा आग्रह का, हे समजायला पाच वर्षं मागे जावं लागतं. तोवर रस्त्यावर फुकट मिळणारं पाणी म्हणजे उथळ विहिरींवरच्या हातपंपांचं. ते बहुधा नितळ आणि थंड असायचं, आणि धोका तिथेच होता. १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती कॉलरा पसरला. हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एका विधवेला याच पंपाच्या पाण्याची चव आवडे, म्हणून ती ते मुद्दाम मागवून घेई. तीही दगावली. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो असं म्हणणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांच्या दृष्टीने हा फार मोलाचा पुरावा होता, कारण तिच्या आसपास कॉलरा नव्हताच.

स्नो यांची दुसरी तुलना मला त्याहून भक्कम वाटते. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. एक कंपनी थेम्सचं पाणी शहरातल्या सांडपाण्यातून उचलत होती, दुसरीने १८५२ मध्येच पाणी उचलायची जागा नदीच्या वरच्या अंगाला नेली होती. पहिलीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू झाले, दुसरीच्या ३७. वरच्या अंगाचं पाणी घ्या आणि घरगुती पाणी गाळून द्या, ही सक्ती १८५२ च्या कायद्याने केलीच होती. कंपन्यांना १८५५ पर्यंत मुदत होती. पाणपोयांना त्याचा फायदा मिळाला.

गाळायचं वाळूच्या संथ गाळणीतून. इंजिनिअरांना वाटे, वाळू घाण अडवते. पण वाळूच्या कणांमधल्या फटी जिवाणूंपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. खरं काम होतं वाळूच्या माथ्यावर जमणाऱ्या बुळबुळीत थरात. त्यातले शेवाळ, जिवाणू आणि आदिजीव पाण्यातल्या रोगजंतूंना अडकवतात, खातात. म्हणूनच नुकती खरवडून स्वच्छ केलेली गाळणी थर पुन्हा धरेपर्यंत कच्चीच असते. १८९२ मध्ये हॅम्बुर्गने एल्बे नदीचं न गाळलेलं पाणी पुरवलं आणि कॉलऱ्याने साडेआठ हजारांवर माणसं गेली. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं, हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचं, म्हणजे अधिक घाण पाणी घेत होतं. पण ते वाळूतून गाळत होतं, आणि बरंचसं बचावलं.

मात्र इतक्या निगुतीने शुद्ध केलेलं पाणी लोक प्यायचे एकमेकांच्या उष्ट्या पेल्याने! जंतुशास्त्र रुजल्यावर संशयाचं बोट त्या पेल्याकडे वळलं. अमेरिकेतल्या कॅन्ससने १९०९ मध्ये सार्वजनिक पेल्यावर बंदी घातली. मग तोंडाशी वर उसळणारी धार आली आणि पेल्याची गरजच संपली.