डॅकची लिनिॲरिटी: सरळ रेषा कुठून काढायची?

वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्यांत किंवा लातूर-बीडकडच्या साखर कारखान्यांत पीएलसीचं, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचं, ॲनालॉग आउटपुट कार्ड घ्यायचं ठरलं की त्यातल्या डॅकच्या (डिजिटल आकड्याचं करंट किंवा व्होल्टेज बनवणाऱ्या भागाच्या) बिटची पहिली चौकशी होते: बारा की सोळा? हा आकडा डेटाशीटच्या पहिल्या पानावर ठळक छापलेला असतो. तो खोटा नसतो, पण त्यातून फक्त पायऱ्या किती एवढंच कळतं. प्रत्येक पायरी आपल्या जागेवर आहे की नाही, हे आतल्या तक्त्यात असतं. आणि तो तक्ता भरायची रीत दीर्घकाळ एकसारखी नव्हती.

आवाज आकड्यांत बदलून पाठवायची कल्पना १९३० च्या दशकाच्या अखेरीस टेलिफोनसाठी पुढे आली. तेव्हा पलीकडच्याला बोलणं नीट कळतंय का, एवढंच पाहायचं होतं. डेटाशीटची आजची भाषा घडली ती १९७० च्या दशकात, अख्खा डॅक एका चिपवर मावू लागल्यावर. त्या काळातली खरी झुंज रेझिस्टरशी होती, कारण प्रत्येक बिटचं वजन तेच ठरवत. १२ बिटच्या डॅकमध्ये सर्वांत वजनदार बिट २०४८ पायऱ्यांचं असतं. त्यातली चूक अर्ध्या पायरीच्या आत ठेवायची, तर ते बिट सुमारे ०.०२४ टक्क्यांपर्यंत अचूक हवं. लेझरने पातळ थराचे रेझिस्टर कोरून जुळवायला लागले, तेव्हा हे व्यवहारात परवडू लागलं. ते नीट जुळले नाहीत, तर ०१११ वरून १००० वर जाताना आउटपुट वाढायच्या ऐवजी घटतं. कंट्रोल लूपमध्ये, म्हणजे मोजमाप पाहून आपोआप दुरुस्ती करणाऱ्या साखळीत, असा डॅक बसला, तर व्हॉल्व्ह त्या एका जागी मागेपुढे करत राहू शकतो. ‘मोनोटॉनिक’ (आकडा वाढताना आउटपुट कधी घटणार नाही) ही हमी म्हणूनच तक्त्यात आली, आणि लूपसाठी मी तिला बिटच्या आकड्यापेक्षा वरचं स्थान देईन.

खरी गुंतागुंत आहे इंटिग्रल नॉनलिनिॲरिटीची, म्हणजे आयएनएलची. आउटपुट सरळ रेषेपासून जास्तीत जास्त किती ढळतं, ते हा आकडा सांगतो. पण कुठल्या सरळ रेषेपासून? एका पद्धतीत रेषा दोन टोकांना जोडून काढतात: शून्याचा बिंदू आणि पूर्ण स्केलचा बिंदू. दुसरीत सगळ्या बिंदूंमधून चूक कमीत कमी दिसेल अशी रेषा बसवतात. समजा एखाद्या डॅकचा आलेख धनुष्यासारखा एकाच बाजूला वाकला आहे आणि मधोमध तो ४ पायऱ्या ढळतो. टोकांच्या रेषेने त्याचा आयएनएल ४ येईल, बसवलेल्या रेषेने अधिक-उणे २. चिप तीच, आकडा निम्मा. काही उत्पादकांनी हा मार्ग पत्करला. चिपच्या आलेखाचा आकार समजायला ती रेषा उपयोगी आहे, हा त्यांचा युक्तिवाद चुकीचा नाही. शिवाय ध्वनीच्या कामात स्थिर गेन एरर, म्हणजे सगळं आउटपुट एकाच प्रमाणात कमी-जास्त असणं, ऐकूच येत नाही.

पण आपल्याकडे इन्स्ट्रुमेंटवाले काय करतात? सिग्नलच्या खालच्या टोकाला, ४ मिलीअँपला, झिरो लावतात, वरच्या टोकाला, २० मिलीअँपला, स्पॅन लावतात आणि मधलं बरोबर आहे असं धरतात. म्हणजे प्रत्यक्षात ते टोकांचीच रेषा वापरतात. त्यांच्यासाठी खरा आकडा ४ आहे. १६ मिलीअँपच्या स्पॅनमध्ये १२ बिटची एक पायरी सुमारे ३.९ मायक्रोअँपची, म्हणून चार पायऱ्या १५.६ मायक्रोअँप, जवळपास ०.१ टक्का. व्हॉल्व्हच्या स्वतःच्या घर्षणात एवढं खपून जातं. मात्र याच आउटपुटने ०.१ टक्क्याचा ट्रान्समीटर (मोजमाप सिग्नलमध्ये बदलून पाठवणारं उपकरण) तपासायचा असेल, तर तपासणाऱ्याची चूक तपासल्या जाणाऱ्याइतकीच झाली, आणि तपासणीला अर्थ उरला नाही.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली: १६ बिट, सेकंदाला ४४,१०० नमुने. सुरुवातीच्या काही प्लेअरमध्ये डॅक १४ बिटचाच होता. चौपट ओव्हरसॅम्पलिंग (चौपट वेगाने नमुने देणं) आणि नॉइज शेपिंग (खरखर ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीकडे ढकलणं) यांच्या जोरावर त्यातून १६ बिटच्या तोडीचं काम घेतलं गेलं. पुढे याच युक्त्या टोकाला नेणारे डेल्टा-सिग्मा डॅक आले, २४ बिटचे छाप आले. सिग्नल आणि नॉइजमधल्या अंतराचा २४ बिटचा हिशोब सुमारे १४६ डेसिबलचा. पण नॉइज आणि डिस्टॉर्शन धरून १२० डेसिबल देणारा उत्तम डॅकही प्रत्यक्षात साडेएकोणीस बिटच्या आसपासच असतो. हा छाप पाहून कंट्रोल पॅनलचं कार्ड निवडू नये.

डॅकच्या संज्ञा आणि चाचण्यांचं स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक २०११ मध्ये आलं, तोवर दोन्ही रेषांच्या डेटाशीट जगभर पसरल्या होत्या. म्हणून तळटीप वाचावीच लागते.

तापमानाचा रकानाही तसाच. पहिल्या पानावरचे आकडे बहुधा २५ अंशांचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच चाळिशी ओलांडते. ड्राइव्ह आणि पॉवर सप्लाय असलेलं बंद पॅनल ५५ पर्यंत सहज जातं. रेफरन्सचा (डॅक ज्याच्या आधाराने आउटपुट ठरवतो त्या स्थिर व्होल्टेजचा) ड्रिफ्ट अंशाला २५ पीपीएम, म्हणजे दशलक्षात २५ भाग, असेल, तर ३० अंशांत ७५० पीपीएम होतो. १२ बिटच्या डॅकला पूर्ण स्केलवर या तीन पायऱ्या, १६ बिटच्याला एकोणपन्नास. जानेवारीच्या सकाळी लावलेला स्पॅन मे महिन्याच्या दुपारी एवढा सरकतो, आणि कार्डाच्या डेटाशीटमध्ये ही ओळ ‘टेम्परेचर कोएफिशंट’ या नावाने, बरीच आतल्या पानावर सापडते.