कानात कोणीच बोलत नसतं, मग ऐकू काय येतं?

आमच्या आळीत एक काका होते, भर उन्हाळ्यातसुद्धा कानात कापसाचे बोळे घालून फिरायचे. विचारलं तर म्हणायचे, अरे ते सारखे बोलतात ना, डोकं उठतं. आम्ही पोरं हसायचो, बायका म्हणायच्या बाहेरचं काहीतरी असणार, आणि एक मास्तर होते त्यांच्या मते ही सगळी नाटकं, कामाचा कंटाळा दुसरं काय. कापसाने काही फरक पडत नसणार, पण रोज सकाळी नवे बोळे असायचेच. खूप वर्षांनी स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारातल्या ब्रेन स्कॅनबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं की आवाज खराच होता, फक्त कापसाच्या आतल्या बाजूला होता.

आता असा आवाज पकडायचा कसा? तो टेप होत नाही, डॉक्टरला ऐकू येत नाही, आणि अपॉइंटमेंट घेऊन तर मुळीच येत नाही. १९९५ मध्ये सिल्बर्सवाइग, स्टर्न, फ्रिथ वगैरे संशोधक मंडळींनी साधीच युक्ती केली. पेशंटला पेट (PET) नावाच्या मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं, हातात एक बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाब. रक्तात थोडा वेळ टिकणारा किरणोत्सर्गी ऑक्सिजन असलेलं पाणी सोडलेलं, म्हणजे मेंदूच्या ज्या भागात रक्त जास्त धावेल तो भाग दिसणार. मग बटण दाबलेल्या आणि न दाबलेल्या वेळा शेजारी ठेवायच्या. त्यात २३ वर्षांचा एक मुलगा होता, अजून औषधं सुरू न झालेला, त्याला रंगीत हलती दृश्यं दिसायची आणि त्यात धड नसलेली मुंडकी गडगडत यायची, त्याच्याशी बोलायची, हुकूम सोडायची. त्याचा स्कॅन बघितला तर पाहण्याशी आणि ऐकण्याशी संबंधित दोन्हीकडचे भाग जागे झालेले! म्हणजे तो जे सांगत होता त्याचा हिशोब मेंदूत जमत होता.

१९९९ मध्ये डिअर्क्स आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत तेच एफएमआरआयवर, म्हणजे काम करणारा मेंदू दाखवणाऱ्या एमआरआयवर, केलं. पेशंट फक्त तीन, पण आवाज चालू असताना हेशल्स गायरस, म्हणजे कानातून आलेला आवाज मेंदूच्या पृष्ठभागावर सगळ्यात आधी जिथे पोचतो तो भाग, कामाला लागलेला दिसला. (ज्यांनी एमआरआय काढलाय त्यांना माहितीये आत काय ठोकाठोक चालते, मी गुडघ्याचा काढला तेव्हा हेडफोन लावूनही डोकं भणभणलं होतं. त्या गदारोळातही या लोकांना आवाज येत होते.) सगळ्या अभ्यासांत हा भाग दिसत नाही, त्यावर अजून वाद आहेत. आणि एक लक्षात ठेवा, इतकं महागडं मशीन असूनही आवाज कधी आला हे मशीनला ठाऊक नव्हतं, ते फक्त पेशंटच्या अंगठ्याला ठाऊक होतं.

बरं, पण बोलतं कोण? याचं उत्तर मला सगळ्यात जास्त चक्रावून गेलं. १९९३ मध्ये लंडनमध्ये मॅग्वायर आणि सहकाऱ्यांना दिसलं की आवाज येत असताना ब्रोका एरियात रक्तप्रवाह वाढतो, आणि तो तर बोलण्याचा भाग आहे, ऐकण्याचा नव्हे! त्याच्याही कितीतरी आधी, १९४० च्या दशकात, गूल्ड नावाच्या डॉक्टरने एका बाई पेशंटच्या गळ्याशी मायक्रोफोन लावला होता तेव्हा अगदी हळू पुटपुट सापडली, आणि त्या पुटपुटीत जे शब्द होते तेच आवाज बोलताहेत असं पेशंट सांगत होती.

आपण सगळेच मनात बोलतो, गॅस बंद केला का, चावी घेतली का. ते बोलणं आपलंच आहे हे आपल्याला कळतं कसं? स्वतःला गुदगुल्या करून बघा, होत नाहीत. कारण हाताला हुकूम जातो तेव्हाच त्याची एक कॉपी संवेदनेच्या भागाकडे जाते, की बाबा हे आपणच करतोय, दुर्लक्ष कर. ब्लेकमोर, फ्रिथ वगैरेंनी २००० मध्ये दाखवलं की ज्यांना असे आवाज येतात त्यांच्यापैकी अनेकांना स्वतःचा स्पर्श दुसऱ्याने केल्याइतकाच तीव्र लागतो. कॉपी पोचतच नाही म्हणा ना. तसंच मनातल्या बोलण्याचं झालं तर ते परक्याचं वाटणारच. चेन्नईतल्या पेशंटशी बोलून केलेल्या एका अभ्यासात तर बऱ्याच जणांना घरच्याच माणसांचे आवाज यायचे, घरातली कामं सांगणारे.

पण एवढ्यावर सगळं भागत नाही. दुसरा एक गट म्हणतो, मेंदू आधी अंदाज बांधतो आणि मग ऐकतो. कुकरची तिसरी शिट्टी झालीच असं आपण छातीठोक सांगतो आणि भात कच्चा निघतो, तसं. येल विद्यापीठात २०१७ मध्ये लोकांना एक चित्र आणि त्यासोबत एक टोन असं पुन्हा पुन्हा दिलं, मग हळूच टोन काढून घेतला. ज्यांना एरवी आवाज येतात त्यांना नसलेला टोन जास्त वेळा ऐकू आला, त्यात अजिबात आजारी नसलेले, आपल्याला सिद्धी आहे म्हणणारे लोकही होते. मला हा विचार जास्त पटतो, पण दोन्ही एकत्रही खरे असू शकतात.

मग लोक विचारतात, एमआरआय काढला की कळेल का आजार आहे की नाही? नाही. १९७६ पासून माहितीये की स्किझोफ्रेनियात मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या सरासरीने मोठ्या असतात, पण सरासरीनेच, एकट्या माणसाच्या फिल्मवरून काही ठरत नाही. डॉक्टर स्कॅन सांगतात ते गाठ वगैरे दुसरं काही नाही ना बघायला. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून 'बघा, काही झालेलं नाही, नाटकं आहेत' म्हणणारे मास्तर अजूनही घरोघरी असतात.

औषधांचा पहिला मान अजून डोपामिन या मेंदूतल्या रसायनाला अडवणाऱ्या गोळ्यांचाच आहे आणि बऱ्याच जणांचे आवाज त्याने कमी होतात. ज्यांचे होत नाहीत त्यांच्यासाठी स्कॅनवर दिसलेल्या जागांवरच बाहेरून काही करता येईल का हे बघणं चालू आहे. चुंबकाचे झटके देऊन पाहिले, सुरुवातीला छान वाटलं, पुढे काही अभ्यासांत खोटं मशीन लावलेल्यांनाही तितकाच आराम पडला. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत हलक्या विजेचा प्रयोग करतात, त्याचे निकाल बरे आलेत. डाव्या कानाच्या वर एक आणि कपाळाच्या वर एक असे मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज, २ मिलिअँपियर, २० मिनिटं.