शिकागोचा लोखंडी बूट आणि नौपाड्यातली वाळूची पिशवी

गेल्या पावसाळ्यात आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरी रोज सकाळी दहाला एक छोटं नाटक रंगायचं. आईचा उजवा गुडघा बदललेला. घरी येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवायची आणि म्हणायची, "काकू, टॉवेल खाली दाबा. पाच मोजेपर्यंत सोडायचा नाही." आई दात-ओठ खाऊन दाबायची, मांडी मात्र ढिम्म. "अगं, गुडघा नवा बसवलाय ना, मग मांडीला कसली शिक्षा?" काही आठवड्यांनी घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधली गेली, तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती मीच भरून आणली होती.

या पिशवीचं घराणं दुसऱ्या महायुद्धात सापडतं. गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांना तेव्हा हलका भार आणि ढीगभर आवर्तनं, असा व्यायाम देत. सैनिक महिनोन्‌महिने खाटेवर, मांड्या तशाच वाळलेल्या. शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात थॉमस डिलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. पोरवयात ऱ्हुमॅटिक तापाने त्याला अंथरुणाला खिळवलं होतं आणि तब्येत त्याने वजनं उचलून कमावली होती. त्याने सैनिकांच्या पायात लोखंडी बूट चढवले, त्यांना वजनं अडकवली आणि भार जड, आवर्तनं मोजकी, असा उलटा क्रम लावला. १९४५ साली त्याने हे छापलं. १९४८मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर हिशेब आणखी सुटसुटीत केला: जेमतेम दहा वेळा उचलता येईल ते वजन शोधा, पहिल्या फेरीत त्याच्या निम्मं, दुसरीत पाऊणपट, तिसरीत पूर्ण. "दहाचे तीन सेट मार" असं तलावपाळीच्या आसपासच्या जिममध्ये ओरडणाऱ्या पोरांना हे वाक्य कुठून आलं याची कल्पना नसावी.

त्याच वर्षी डिलॉर्मने पोलिओने दुबळ्या झालेल्या मांड्यांवरही हा प्रयोग केल्याचं मांडलं. आपल्याकडे फिजिओथेरपी रुजली ती पोलिओच्याच साथीमुळे. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचं शिक्षण सुरू झालं. १९५५मध्ये हाजी अलीची पुनर्वसन संस्था उभी राहिली.

गंमत म्हणजे, डिलॉर्म वजनं वाढवत होता तेव्हा स्नायू आखडतो म्हणजे आत नेमकं काय होतं, हेच पक्कं नव्हतं. ते १९५४मध्ये हक्सली नावाच्या दोन शास्त्रज्ञांच्या दोन वेगवेगळ्या जोड्यांनी दाखवलं. (दोघांचं आडनाव एक, नातं काही नाही.) स्नायूतल्या ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. मायोसिनचे बारीक आकडे ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. रस्सीखेच म्हणा ना.

पण रस्सी ओढायला मज्जातंतूंकडून हुकूम यावा लागतो, आणि आईचं घोडं तिथेच अडलं होतं. १९६५मध्ये संशोधकांनी माणसांच्या गुडघ्यात द्रव भरून पाहिलं. सांधा फुगला, की मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा हुकूम आपोआप दबतो. म्हणजे सूज असताना मांडी ढिम्म राहणं हा आळस नव्हता. हे आधी कळलं असतं, तर मी आईवर निदान दोनदा कमी खेकसलो असतो.

शिंपिणीकडच्या टेपने मी दर रविवारी मांडीचा घेर मोजत होतो. महिना झाला तरी आकडा हलला नाही. आई मात्र एका सकाळी हात न टेकता खुर्चीतून उठली. मोरितानी आणि डीव्हरीज या संशोधकांनी १९७९मध्ये हेच मांडलं होतं: सुरुवातीच्या आठवड्यांत वाढलेली ताकद बरीचशी मज्जातंतूंची असते, स्नायू जाड व्हायला वेळ लागतो.

वयाचा प्रश्न १९९०मध्ये बॉस्टनच्या आजी-आजोबांनी निकालात काढला. नव्वदीच्या आगेमागे असलेल्या त्या मंडळींकडून आठ आठवडे चांगलंच जड वजन उचलवून घेतलं. ज्यांनी ते पुरं केलं, त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे आईला वाचून दाखवलं. "त्यांना घरी स्वयंपाक नसेल करायचा," ती म्हणाली, आणि पाय पुढे केला. पिशवी आता एक किलोची होती.