मॅटलॅब इंजिन

मॅटलॅब हे संख्यात्मक आकडेमोडीचे सॉफ्टवेअर हाताने उघडून न वापरता सी, सी++, फॉरट्रान किंवा पायथनमधल्या दुसऱ्या प्रोग्रॅमने सुरू करायचे, त्याच्याकडे आकडे सोपवायचे आणि उत्तर परत घ्यायचे, अशी व्यवस्था. इंजिन ही आपल्या प्रोग्रॅमला जोडलेली लायब्ररी (तयार कोडचा संग्रह) नव्हे, वेगळी चालणारी प्रोसेस, म्हणजे संगणकावर स्वतंत्रपणे सुरू असलेला प्रोग्रॅम असते. बहुतेक अडचणींचे मूळ इथेच सापडते.

मॅटलॅबचा आरंभ पुष्कळदा १९८४ मध्ये धरतात. त्या वर्षी जॅक लिटल, क्लीव्ह मोलर आणि स्टीव्ह बँगर्ट यांनी मॅथवर्क्स ही कंपनी काढली. मोलर यांनी मूळ प्रोग्रॅम मात्र न्यू मेक्सिको विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिहिला होता, आणि उगम तिथे मानणे अधिक रास्त वाटते, कारण हेतू तिथेच उघड दिसतो. लिनपॅक व आइसपॅक हे मॅट्रिक्सच्या (ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांच्या) हिशेबांचे प्रोग्रॅम-संग्रह विद्यार्थ्यांना फॉरट्रान न लिहिता वापरता यावेत, एवढ्यासाठी तो होता. कंपनीच्या आवृत्तीसाठी तो सी भाषेत नव्याने लिहिला गेला. फॉरट्रान टाळण्यासाठी जन्मलेले साधन पुढे इंजिनच्या रूपाने फॉरट्रानच्याच दिमतीला आले, ही या इतिहासातली मोठी लोभस गोष्ट आहे. ऑक्टेव्ह या मुक्त पर्यायाच्या तारखाही अशाच सरकतात : कल्पना १९८८ च्या सुमाराची, लेखन १९९२ पासूनचे, १.० आवृत्ती फेब्रुवारी १९९४ ची.

सी भाषेत 'एंगओपन'ने इंजिन सुरू होते, 'एंगपुटव्हेरिएबल'ने आकडे जातात, 'एंगइव्हॅलस्ट्रिंग'ने आज्ञा जाते, 'एंगगेटव्हेरिएबल'ने उत्तर येते. विंडोजवर हा संवाद कॉम या प्रोग्रॅमना एकमेकांशी जोडणाऱ्या यंत्रणेतून होतो, लिनक्सवर पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमचा मजकूर दुसऱ्याकडे नेणाऱ्या वाहिनीतून. लिनक्सवर त्यासाठी सी-शेल हे आज्ञा चालवणारे साधन लागते. ते नसेल तर मॅटलॅब एरवी नीट चालत असूनही 'एंगओपन' रिकाम्या हाती परतते. 'एंगइव्हॅलस्ट्रिंग' तर आज्ञा मॅटलॅबमध्ये फसली तरी शून्यच, म्हणजे 'ठीक', असे कळवते. चूक सांगणारा संदेश वाचायला 'एंगआउटपुटबफर' आधीच जोडून ठेवावे लागते. हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

ठाणे, ऐरोली, नेरूळ, वाशी इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मॅटलॅब प्रॅक्टिकलमुळे ओळखीचे असते, इंजिनशी गाठ पडते ती बहुधा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टात. समजा, वाशी पुलापाशी खाडीच्या पाण्याची उंची दोन दिवस, रोज तीनदा मोजली. सीमध्ये दोन ओळी झाल्या : १, २, ३ आणि ४, ५, ६. त्या जशाच्या तशा दोन ओळी-तीन स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये उतरवल्या, तर मॅटलॅबला दिसते १, ३, ५ आणि २, ४, ६. सी ओळीने भरते, मॅटलॅब स्तंभाने. एररचा संदेश येत नाही, भरतीचा आलेख तेवढा खोटा निघतो.

पायथनसाठीचे इंजिन २०१४ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मिळू लागले. मॅटलॅब उभे राहायला काही सेकंद घेते, म्हणून दर हिशेबाला नवे इंजिन न उघडता एकदाच उघडून ठेवतात, किंवा आधीपासून चालू असलेल्या मॅटलॅबला जोडून घेतात.

सायलॅब या फ्रान्समधून आलेल्या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार खाडीपलीकडे पवईच्या आयआयटी मुंबईतील फॉसी प्रकल्पाने केला. त्यालाही सीमधून बोलावता येते, मात्र ते वेगळी प्रोसेस न होता बोलावणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटातच चालते.