मॉरिशस: उसाच्या बेटावर सुट्टी कशी आली

प्लेझान्सच्या विमानतळावरून हॉटेलकडे निघालं की रस्त्याच्या कडेला ऊस लागतो, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग. सहलीच्या फोटोंत हे ढीग सहसा येत नाहीत, पण बेटाचा इतिहास तिथूनच वाचायला घ्यावा. ऊस लावायला जमीन मोकळी करताना मजुरांनी हातांनी उचलून रचलेले हे दगड. आणि दगड आपल्या ओळखीचा आहे, बेसाल्ट. भूशास्त्रातलं आजचं प्रचलित मत असं, की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त केंद्रातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ओतला जाऊन आपलं दख्खनचं पठार झालं, त्याच केंद्राने भारताचा भूभाग उत्तरेला सरकून गेल्यावर, साधारण ८० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्रातून वर काढलं. सह्याद्रीचा कातळ आणि हा कातळ एकाच चुलीवरचे.

या बेटावर मूळची वस्ती नव्हती. १५९८ मध्ये डच उतरले आणि राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला देऊन गेले. १६३९ मध्ये त्यांनी जावाहून ऊस आणला. डोडो पक्षी त्याच शतकात संपला. १७१० मध्ये डचांनी बेट सोडलं, १७१५ मध्ये फ्रेंचांनी घेतलं. १७३५ पासून गव्हर्नर ला बुर्दोने यांनी पोर्ट लुई बंदर उभं केलं, ते मादागास्कर आणि मोझांबिकहून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर. आज पर्यटक ज्या पाम्प्लमूस बागेत अवाढव्य कमळपानं पाहतात, तिथे पिएर प्वाव्र यांनी लवंग-जायफळाची रोपं वाढवली होती. मसाल्यावरची डचांची मक्तेदारी मोडायची, हा त्यामागचा हेतू. १८१० मध्ये इंग्रज आले. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरचा कर वेस्ट इंडीजच्या साखरेइतका कमी झाला आणि बेटभर ऊसच ऊस झाला.

मग १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. नैर्ऋत्येला ले मॉर्न नावाचा ५५६ मीटरचा कडा समुद्रात घुसलेला दिसतो. त्याच्या पायथ्याशी आता आलिशान हॉटेलं आहेत, पण मळ्यांतून पळालेले गुलाम याच कड्यावर लपून राहत. मुक्तीची बातमी सांगायला शिपाई वर चढू लागले, तेव्हा ते पकडायलाच आलेत असं समजून लोकांनी खाली उड्या टाकल्या, अशी तिथली मौखिक परंपरा सांगते. २००८ मध्ये या डोंगराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हॉटेलांत रात्री जेवणाबरोबर जो सेगा नाच दाखवतात, तो या गुलामांचा. बकऱ्याच्या कातड्याने मढवलेल्या ‘रावान’च्या तालावर, जमिनीवरून पाय न उचलता नाचायचा. पर्यटकांपुढे होणारा चकचकीत सेगा पाहून त्याच्या मुळाची कल्पना येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

गुलामगिरी संपण्याआधीच मळेवाले बदली हात शोधू लागले होते. ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कलकत्त्याहून मजुरीच्या करारावर आलेली ३६ माणसं २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईला उतरली, आणि १९२० पर्यंत जवळपास पाच लाख भारतीय याच वाटेने आले. त्यांना उतरवून घ्यायला १८४९ मध्ये बांधलेला डेपो म्हणजे आजचा आप्रवासी घाट. त्याच्या सोळा दगडी पायऱ्या शाबूत आहेत. इथे प्रत्येकाला एक क्रमांक मिळे, आणि १८६० च्या दशकापासून फोटोही काढला जाई. पुढे मळ्यावर एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत. नोंदवहीत नावापुढे बापाचं नाव लिहिलं जाई आणि पुढे तेच अनेक घराण्यांचं आडनाव होऊन बसलं. या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत, आणि पणजोबांचं मूळ गाव शोधणारी माणसं आजही तिथे येतात. पोर्ट लुईला ज्यांच्याकडे एक सकाळ मोकळी आहे, त्यांनी बाजारहाट उद्यावर टाकून आधी घाट पाहावा.

मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची माणसं होती. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने ती थोडीच, पण एकमेकांना धरून राहिली. पश्चिमेकडचं कास्काव्हेल हे गाव आजही मराठी वस्तीचं म्हणून ओळखलं जातं. तिथल्या मराठी माणसाच्या घरात बोली क्रिओल (फ्रेंचमधून घडलेली स्थानिक भाषा) असते, शाळेत इंग्रजी-फ्रेंच, आणि मराठी वेगळा विषय म्हणून शिकवली जाते. कोकणातला जाखडी नाच मात्र तिथे ‘झाकरी’ होऊन टिकला. १८९६ मध्ये हेन्रिएटा गावी पहिला गणेशोत्सव झाल्याचं सांगतात. आज गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. सप्टेंबरच्या आसपास जाणाऱ्यांनी एक विसर्जन जरूर पाहावं. आणि रस्त्यावरची ‘ढोलपुरी’ खावी. चण्याच्या डाळीचं सारण भरलेली ही मऊ पोळी पुरणपोळीची बिनगोडाची बहीण वाटेल, पण ती बिहारी भोजपुरी घरांतून आली.

एवढं सगळं असूनही सहलीचं बेट ही ओळख तशी अलीकडची. १९६० मध्ये अ‍ॅलिक्स आणि कॅरोल या चक्रीवादळांनी बेट झोडपलं. पुढच्याच वर्षी अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी वाढती लोकसंख्या आणि एकट्या साखरेवरचा भार पाहून अत्यंत निराशाजनक अहवाल दिला. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तो या काळजीसह. नंतर कापड कारखाने आले, आणि साखरवाल्या घराण्यांचाच पैसा किनाऱ्यावरच्या हॉटेलांत गेला. युरोपने १९७५ पासून साखरेला दिलेला हमीचा चढा भाव २००९ मध्ये संपला, तेव्हा पर्यटनाचा आधार आणखीच मोलाचा ठरला. २०१९ मध्ये सुमारे १३.८ लाख पाहुणे आले. बेटाची लोकसंख्या याहून थोडी कमीच.

एका जुन्या नियमाचा इथे मोठा हात आहे. फ्रेंच काळात, १८०७ मध्ये, किनाऱ्यालगतचा सुमारे ८१ मीटरचा पट्टा सरकारचा ठरला. हेतू संरक्षणाचा होता. आज त्यावरची बरीच हॉटेलं भाडेपट्ट्याने उभी आहेत, आणि भरतीच्या रेषेखालची वाळू कायद्याने सगळ्यांची आहे. म्हणून रविवारी स्थानिक कुटुंबं डबे, चटया, ढोल घेऊन समुद्रावर येतात. हॉटेलच्या कुंपणाआड बसण्यापेक्षा त्यांच्याशेजारी बसावं.

मूळ जंगल आता दोन टक्केही उरलेलं नाही, आणि उरलं त्याचा मोठा भाग १९९४ च्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात आहे. मॉरिशसचा खरुची ससाणा १९७४ मध्ये निसर्गात अवघ्या चार पक्ष्यांवर आला होता. जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून तो परत रानात सोडला.

जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ हे जहाज आग्नेयेच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात गेलं. सरकारी मदत पुरी पडण्याआधी हजारो लोक आपण होऊन किनाऱ्यावर धावले. तेल अडवायला त्यांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या आणि त्यांत उसाचं वाळलेलं पाचट भरलं.