काटा नेमका कधी चढतो?

पिकअपचं इंजिन तापायला लागलं की पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेवर जातो. तो स्वस्त असतो, बदलायला सोपा असतो. त्याने भागलं नाही की वॉटर पंप, मग रेडिएटर. एकेक भाग बदलत गेलं तर कधीतरी नेम लागतोच, पण तोवर खिसा रिकामा होतो. त्याआधी एवढंच विचारावं: गाडी तापते कधी? उभी असताना, वेगात, चढावर, की सुरू केल्याबरोबर?

पेट्रोल जळताना सिलिंडरमधल्या वायूचं तापमान क्षणभर 2000 अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा असतो, ते 660 अंशांपर्यंत वितळून जातं. तरी पिस्टन टिकतो, कारण उष्णता सतत बाहेर काढली जाते. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामी येतो, तेवढाच धुरावाटे जातो आणि उरलेल्यातला बराचसा कूलंटला, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या थंडावा देणाऱ्या द्रवाला वाहून न्यावा लागतो. मागे ट्रेलर जोडून चढ चढताना इंधन जास्त जळतं, म्हणजे हा हिस्साही वाढतो. कूलंट ही उष्णता रेडिएटरपर्यंत आणतं आणि पुढे हवा ती उडवून नेते. बिघाड बहुतेक वेळा या दोन प्रवाहांपैकी एकात असतो.

वाहतुकीत अडकल्यावर तापमानाचा काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर दोष हवेचा. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोणी नाही. अनेक पिकअपमध्ये हा पंखा इंजिनावरच फिरतो आणि मध्ये फॅन क्लच असतो. क्लचच्या आत दाट सिलिकॉन तेल आणि तोंडाशी दोन धातूंची स्प्रिंग असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की स्प्रिंग वळते, आतली झडप उघडते आणि तेल पंख्याला पकड देतं. हे तेल गळून गेलं की पंखा नुसताच घरंगळतो. इंजिन गरम असताना बंद करून, किल्ली काढून पंखा हाताने फिरवावा. अडखळत फिरला तर ठीक. गरागरा फिरत राहिला तर क्लच संपला. पंखा विजेचा असेल तर फ्यूज, रिले आणि मोटर तपासावी.

उलट, उभी असताना शांत आणि वेगात किंवा चढावर तापणारी गाडी बहुधा कूलंटच्या प्रवाहाची तक्रार करत असते. साध्या नळाच्या पाण्यावर वर्षानुवर्षं चालवलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात. वॉटर पंपाची पाती गंजून झिजतात. रेडिएटरकडून पंपाकडे जाणारा खालचा रबरी होज पाईप मऊ पडला असेल तर वेग वाढताच पंपाच्या ओढीने तो चपटा होतो. गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत तो पुन्हा फुगलेला असतो, त्यामुळे हा दोष भल्याभल्यांना चकवतो. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यातल्या फटीत अडकलेला चिखल आणि किडेही पाहावेत. ते समोरून दिसत नाहीत.

थर्मोस्टॅट खरंच बंद अवस्थेत अडकला असेल तर गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर जातो, पण रेडिएटर थंडच राहतो. त्यातलं मेण साधारण 82 ते 95 अंशांच्या दरम्यान, मॉडेलनुसार, वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवला की तो कधी उघडतो ते दिसतं. काही मेकॅनिक तो काढूनच टाकतात. मला हे पटत नाही: इंजिन हवं तेवढं तापत नाही, इंधन जास्त खातं, लवकर झिजतं आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी पाहत नाही. साधारण 1 बार जादा दाब राखला की पाण्याचा उत्कलनबिंदू 120 अंशांच्या आसपास जातो आणि निम्म्या-निम्म्या कूलंट-पाण्याचा 129 अंशांपर्यंत. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की निरोगी इंजिनही उकळतं. गरम असताना झाकण उघडू नये तेही यामुळेच. दाब सुटताच आतल्या द्रवाची वाफ होऊन ती तोंडावर येते.

गळती कुठेच नाही तरी कूलंट कमी होतं, थंड इंजिन सुरू करताच होज पाईप कडक होतात, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येतात: मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सीलबंद चकती, गेलं असावं. गॅरेजमध्ये एका निळ्या द्रवातून टाकीवरची हवा ओढून पाहतात. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड मिसळला तर तो द्रव पिवळा होतो. ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून लोखंडी ब्लॉकवरचं ॲल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की वाकतं आणि गॅस्केट उडतं. काटा लाल पट्ट्यात असताना ‘एवढं घर गाठू’ म्हणणं म्हणूनच महागात पडतं.

आणि काट्यावरही फार विसंबू नये. कूलंट फारच कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि उकळत्या इंजिनातही काटा खाली दिसू शकतो.

वाटेत तापलीच तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. तोही एक छोटा रेडिएटरच आहे. काटा तरीही उतरला नाही तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. दुरुस्तीनंतर कूलंट भरताना अडकलेली हवा काढून टाकावी, नाहीतर नवे भाग घालूनही गाडी तापते. जुनं कूलंट उघड्यावर सोडू नये. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.