शेवाळ खाणारा काटेरी जीव आणि प्रवाळांचे भवितव्य

सोलापूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सी-अर्चिन हा काटेरी समुद्री जीव अभ्यासक्रमातून भेटतोच. काटे गळून गेलेले त्याचे कवच निरखून पाहिले, की बारीक छिद्रांचे पाच पट्टे दिसतात. जिवंतपणी याच छिद्रांतून त्याचे नलिकापाद, म्हणजे नळीसारखे बारीक पाय, बाहेर येतात. खालच्या बाजूला तोंडाशी पाच दातांचा जबडा असतो, त्याला ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. कॅल्साइटचे हे दात टोकाशी झिजतात, मुळाशी वाढत राहतात आणि झिजतानाही त्यांची धार टिकून राहते.

प्रवाळभित्तीवर, म्हणजे प्रवाळांच्या सांगाड्यांनी बनलेल्या समुद्रातील खडकावर, या दातांचे मोल फार मोठे आहे. प्रवाळांचे डिंभ (पिल्लावस्थेतील जीव) स्वच्छ, कठीण पृष्ठभागावरच नीट रुजतात, तर शेवाळ मात्र मिळेल ती जागा झपाट्याने व्यापते. रात्री कपारींतून बाहेर पडणारे सी-अर्चिन हे शेवाळ खरवडून खातात आणि नव्या प्रवाळांसाठी खडक मोकळा ठेवतात.

1983 मध्ये पनामा कालव्याच्या कॅरिबियन मुखाजवळ डायाडेमा अँटिलॅरम ही सी-अर्चिनची लांब काट्यांची जात बहुधा एखाद्या रोगाने मरू लागली आणि साधारण वर्षभरात कॅरिबियन समुद्रातील तिचे नव्वद टक्क्यांहून अधिक प्राणी नष्ट झाले. जमैकात शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीमुळे आधीच विरळ झाले होते आणि 1980 च्या ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते; त्यात हा शेवटचा मोठा शाकाहारीही गेल्याने सत्तरच्या दशकात तळाचा सुमारे निम्मा भाग व्यापणारे जिवंत प्रवाळ नव्वदच्या दशकाच्या आरंभी पाच टक्क्यांच्याही खाली आले. माझ्या मते खरा धडा रोगाचा नसून, एवढे मोठे काम एकाच जातीवर सोपवले गेले होते, याचा आहे. 2022 मध्ये कॅरिबियन समुद्रात पुन्हा साथ आली, आणि या वेळी पक्ष्माभिका (केसासारखे सूक्ष्म तंतू) असलेला एकपेशीय जीव तिला कारणीभूत असल्याचे 2023 मध्ये सिद्ध झाले.

मात्र सी-अर्चिन जितके अधिक तितके चांगले, असेही नाही. नान्नजच्या माळरानावर जनावरे किती चरतात यावर जशी गवताची अवस्था ठरते, तसेच येथेही आहे. केनियाच्या किनाऱ्यावर सी-अर्चिनना खाणारे ट्रिगरफिश हे मासे मासेमारीमुळे घटले, तेथे सी-अर्चिन बेसुमार वाढले आणि शेवाळाबरोबर प्रवाळांचा चुनखडी सांगाडाही कुरतडू लागले. संरक्षित क्षेत्रांत, जेथे हे मासे टिकून आहेत, तेथे सी-अर्चिनची संख्या आटोक्यात राहते. म्हणूनच फ्लोरिडात टाक्यांमध्ये वाढवलेले डायाडेमा भित्तींवर सोडले जात असताना शेवाळ खाणाऱ्या माशांचे रक्षणही तितकेच आवश्यक ठरते.